अठ्ठावीस मीटर ऊन

माझा दादा रंग जुळवायचा. कापड रंगवायच्या कारखान्यात गिऱ्हाईक एक चिंधी आणून टाकतं आणि म्हणतं, अस्साच रंग हवा, तीन हजार मीटर. त्या चिंधीत कुठला रंग किती आहे ते नुसतं बघून सांगायचं, आणि रंगून आलेलं कापड चिंधीशेजारी धरून एक तर "झालं" म्हणायचं, नाही तर "थोडं निळं अजून". एकतीस वर्षं तो हे दोनच शब्दप्रयोग आलटून पालटून करत आला होता आणि त्यावर आमचं घर चाललं होतं. कारखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणत. मालकही म्हणत, पण मालकांच्या तोंडून ते जरा उपकार केल्यासारखं यायचं.

आई-वडील एकाच वर्षी गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दादा चोवीसचा. त्याच वर्षी तो कारखान्यात लागला. मला शिकवलं त्यानं, वायरिंगचा कोर्स करू दिला त्यानं, आणि "मुलीची जात शिडीवर चढणार का?" असं विचारणाऱ्यांना "तुम्ही खालून शिडी धरा" असं सांगितलंही त्यानंच. म्हणजे मी जी काही आहे ती त्याच्यामुळे आहे. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव येणार नाही.

डोळे तो तळहातावरच्या फोडासारखे जपायचा. टीव्ही नाही, बारीक अक्षर नाही, भर उन्हात टोपीशिवाय बाहेर पाऊल नाही. वहिनी चेष्टा करायची, "बघायला आले तेव्हा माझं नाव विचारलं नाही यांनी. खिडकीशी बसायला सांगितलं आणि म्हणाले, गव्हाळ, वर थोडा तांबडा."

"तांबडा नंतर वाढला," दादा म्हणायचा. "लग्न झाल्यावर."

रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, ही त्याच्या धंद्यातली पहिली आणि शेवटची अट. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, उत्तरेला मोठी खिडकी. मग मालकांनी तो अख्खा मजला कुणाला तरी गोदामासाठी भाड्यानं दिला आणि दादाची खोली गेली तळघरात, बॉयलरच्या शेजारी. तिथे दोन ट्यूबलाइट. "ट्यूबखाली जिवंत माणूस मेलेला दिसतो, तिथे रंगाचं काय घेऊन बसलीस," तो म्हणायचा. म्हणून प्रत्येक नमुना हातात घेऊन तो चौतीस पायऱ्या चढून अंगणात यायचा, उजेडात बघायचा, आणि परत उतरायचा. दिवसातून वीस वेळा, पंचवीस वेळा. वर्षभरात गुडघे गेले. संध्याकाळी घरी आला की वहिनी शेक द्यायची आणि मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

आणि मी काम करत होते ते नेमकं घरात ऊन आणून देणाऱ्या कंपनीत. इमारतीच्या गच्चीवर आम्ही एक गोल पसरट यंत्र बसवतो. आम्ही त्याला परात म्हणतो. परातीत भिंगं असतात, ती सूर्याकडे तोंड करून दिवसभर वळत राहतात. भिंगातून गोळा झालेलं ऊन प्लॅस्टिकच्या फायबरच्या टोकात सोडायचं. फायबर म्हणजे भरीव पारदर्शक दोरा, शेवयांहून थोडा जाड. उजेड त्याच्या आतून धावतो, वळणं घेतो, आणि दुसऱ्या टोकाला खोलीत बाहेर पडतो. मध्ये एक काच असते, ती उष्णता वरच्यावर गाळून टाकते, नाही तर प्लॅस्टिक वितळेल. टोकं कापायची, पाण्यातल्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकड्यासारखी घासायची, आरशासारखी होईपर्यंत. ते घासणं माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नसे, आणि ते मला माहीत होतं, हाच सगळा घोळ.

दादाच्या मालकांकडे मी स्वतः गेले. कुणी बोलावलं नव्हतं. तासभर तोंडाची वाफ दवडली. शेवटी ते तयार झाले, कारण मास्तर जिने चढण्यात रोज दीड तास घालवतात हे मी त्यांना घड्याळ लावून दाखवलं. घरी येऊन वहिनीला सांगितलं तर तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

गच्चीपासून तळघरातल्या टेबलापर्यंत अंतर भरलं अठ्ठावीस मीटर. आमच्या कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं: प्लॅस्टिक फायबर बारा मीटरपर्यंत, त्यापुढे काचेचं. कारण लिहिलं नव्हतं, नुसता आकडा होता. कारण आम्हा फिटर लोकांना पाठ होतं, लांबीत उजेड मरतो. काचेचं मालक घेणार नव्हते, ते उघडच होतं. मग मी विचार केला, उजेड मरतो ना, मग जास्त घालू. फायबरच्या एका जुडीऐवजी तीन जुड्या सोडल्या. जुन्या पाइपांच्या डक्टमधून, एकही तीव्र वळण न देता, स्वतः दोरीला लटकून. टेबलावर मीटर धरला. उजेड मोजायचा मीटर तो. रंग बघायला पाचशे लक्स पुरतात, आठशे आले. मी आमच्या कंपनीच्या साहेबांना फोन करून आकडा सांगितला आणि साहेब म्हणाले, "वा गं वाघिणी!"

दादाला ट्यूब बंद करायला लावली. वरून उजेडाचा एक गोल टेबलावर पडला होता. त्यानं हात पुढे केला, तळवा उलटा, सुलटा.

"हे ऊनच ना?"

"ऊनच."

"आत कुठे दिवाबिवा नाही ना बसवलास?"

"नाही रे दादा. गच्चीवरचं ऊन आहे. तुझे गुडघे दुखतात म्हणून स्वतः उतरून आलंय."

तो बराच वेळ हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "झाडाखालच्या उन्हासारखं वाटतंय." मला ते कौतुक वाटलं. त्यालाही बहुतेक तसंच म्हणायचं होतं. मग त्यानं चष्मा काढून पुसला, आणि मी उगाच हत्यारं आवरत बसले, कारण दादाला रडताना बघायची मला सवय नव्हती.

चार महिने सुखात गेले. दादा सकाळी एकदा उतरायचा आणि संध्याकाळी एकदा चढायचा. गुडघ्याची सूज उतरली. कारखान्यातले लोक मला ऊनवाली म्हणायला लागले. नमुना घेऊन अंगणात जायचं त्यानं पूर्ण सोडलं, आणि का जाईल? ऊनच खाली आलं होतं.

मग करड्या कापडाचं प्रकरण झालं. एका मोठ्या हॉटेलच्या नोकरांचे कपडे. कोटाचं कापड आधीच्या वर्षी रंगलं होतं, पँटचं आता. दादानं जुळवलं, "झालं" म्हणाला, कापड गेलं, शिवून झालं. हॉटेलच्या पायऱ्यांवर सगळे नोकर फोटोसाठी उन्हात उभे राहिले तेव्हा कमरेच्या वर करडे होते आणि कमरेखाली कांद्याच्या सालीचे. सगळा माल परत आला.

दादानं कोट आणि पँट तळघरात नेले, शेजारी शेजारी ठेवले. एकसारखे. अंगणात नेले. आंधळ्यालाही कळावा इतका फरक. पुन्हा खाली नेले. पुन्हा वर. त्या दिवशी त्यानं चौतीस पायऱ्या किती वेळा केल्या कुणास ठाऊक. मग मला फोन केला. "एकदा येऊन उजेड बघून जा."

मी गेले. परात बघितली, काच पुसली, टोकं बघितली, टेबलावर मीटर धरला. आठशे दहा. वाढलाच होता थोडा.

"उजेड नीट आहे, दादा."

मी खोटं बोलत नव्हते. माझा मीटर उजेड किती आहे ते सांगायचा. कसला आहे ते सांगायचा नाही, आणि ते विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. उजेड कसला आहे हे ओळखणारा माणूस समोरच बसला होता, पण तो माझ्यावर विसंबून होता. मी त्याच्या डोळ्यांवर विसंबून होते. अशी आमची दोघांची जोडी.

भट्टीवरचा मुकादम मात्र म्हणाला, "मास्तर, मला खालच्या उजेडाचाच संशय येतो."

मालक फाडकन म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! एवढा सूर्य आणून टेबलावर ठेवला, आता सूर्यात खोट काढा."

"उजेडात खोट नाही," दादा म्हणाला. "माझ्या बहिणीनं बसवलाय."

मला तेव्हा किती बरं वाटलं होतं, हे आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घरी येऊन त्यानं हिशेब मांडला. वरही ऊन, खालीही ऊन. सूर्य तर एकच. मग दोन जागी वेगळं दिसतं, त्याअर्थी बदलतोय तो डोळाच. खालच्या ओल्या हवेत डोळा मंदावत असेल. वय झालंच आहे. वडिलांनाही शेवटी कुठे नीट दिसत होतं? त्याचं बोलणं इतकं मुद्देसूद होतं की मी मान डोलावली. महिन्याभरात आणखी एक माल परत आला, या वेळी विटकरी. मालकांनी रंग मोजायचं यंत्र मागवायची भाषा सुरू केली, आणि दादाला सांगितलं, "मास्तर, डोळे दाखवून घ्या. दोन महिने थांबतो मी. नंतर माझा नाइलाज आहे."

एकतीस वर्षांनंतर दोन महिने. त्या दिवसापासून दादा जेवताना भाताची शितं डोळ्यांजवळ धरून बघायला लागला.

मला कळलं ते एका सोमवारी. आमच्या वर्कशॉपमध्ये एका तळघरातल्या वाचनालयाचं काम आलं होतं, कंपनीचं आजवरचं सगळ्यात मोठं. साहेब म्हणाले होते, दादाच्या कारखान्यासारखंच करू, तीन जुड्या, आणि या कामाची मुख्य तू. मी तीस मीटरचं वेटोळं टेबलावर घेऊन बसले होते. शेजारी वीतभर तुकडा पडला होता. खिडकीतून ऊन येत होतं. सहज, अगदी सहज, मी दोन्हींचं एकेक टोक उन्हात धरलं आणि दुसरी टोकं पांढऱ्या कागदावर. दोन ठिपके पडले. वीतभर तुकड्याचा ठिपका पांढरा होता. तीस मीटरचा हिरवा, शेवाळलेल्या डबक्यासारखा.

खिशात लाल फडकं होतं, ते हिरव्या ठिपक्याखाली धरलं. विटलेलं तपकिरी दिसलं. लांबीत उजेड मरतो हे खरंच होतं, पण सगळा सारखा मरत नाही. प्लॅस्टिक आधी तांबडा खातं. एकच ठिपका समोर असला की डोळा पाच मिनिटांत सरावतो आणि तोच पांढरा वाटायला लागतो. शेजारी दुसरा असेल तरच चोरी पकडली जाते. दादाच्या टेबलावर पोचत होतं ते ऊनच होतं, पण तांबडं काढून घेतलेलं. तांबडाच नाही तर तांबड्यातला फरक कुणाला दिसणार? त्याच्या डोळ्यांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. झाडाखालच्या उन्हासारखं, असं पहिल्याच दिवशी तो बोलून गेला होता, आणि मी त्यावर खूश झाले होते.

त्याच क्षणी फोन करायला हवा होता. फोन टेबलावरच होता.

मी फोन केला तो काचेच्या फायबरवाल्याला. माल आठ दिवसांनी येईल म्हणाला. आमच्या धंद्यात रीत आहे, बिघाड सांगायला जाताना हातात सुटा भाग असावा. नुसता बिघाड घेऊन गेलं की शिव्या बसतात. भाग घेऊन गेलं की चहा मिळतो. मी ठरवलं, काचेचं येऊ दे, एका रात्रीत बदलून टाकू, मग दादाला टेबलाशी बसवून सांगू, बघ, डोळे ठणठणीत आहेत तुझे. तो हसेल, मला दोन शब्द बोलेल, संपलं. हे झालं एक कारण. दुसरंही सांगते. वाचनालयाचं काम त्याच आठवड्यात सहीला होतं. तीन जुड्यांची युक्ती माझी, आणि ती फसली हे त्या आठवड्यात बाहेर पडलं असतं तर मुख्य सोडाच, मी शिडीवरही राहिले नसते. दोन्ही कारणं खरी होती. जास्त खरं कुठलं, ते मी अजूनही स्वतःला नीट विचारलेलं नाही.

शुक्रवारी वहिनीचा फोन आला.

"उद्या करून टाकतायत गं."

"काय?"

"मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात थोडासा आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले कच्चा आहे, घाई नाही. पण हे ऐकतायत कुठे! म्हणाले, मालकांची मुदत चाललीय, आत्ताच काढा. सकाळी नेणार, संध्याकाळी घरी. तुला उगाच काळजी नको म्हणून सांगू नको म्हणत होते."

जिभेच्या टोकावर आलं होतं. वहिनी, थांबवा त्याला, एवढेच तीन शब्द होते.

"ऐकतेयस ना? मला जरा भीती वाटते."

"घाबरू नका, वहिनी," मी म्हटलं. "हल्ली अगदी सोपं असतं ते. बरंच होईल."

मी मनाशी म्हटलं, मोतीबिंदू आज ना उद्या काढायचाच होता. आज काढला तर बिघडलं कुठे?

शनिवारी ऑपरेशन झालं. रविवारी डोळा दुखायला लागला. सोमवारी काचेचं फायबर आलं, लाकडी खोक्यात, भुशात जपून ठेवलेलं. मी खोकं उघडत होते तेव्हा दादाला परत दवाखान्यात नेत होते. आत पू झाला होता. हजारात एखाद्याला होतं, डॉक्टर म्हणाले. सुया झाल्या, पुन्हा ऑपरेशन झालं, बारा दिवस वहिनी दवाखान्यातल्या बाकावर झोपली आणि मी तिच्या पायाशी. तेराव्या दिवशी सांगितलं की उजवा डोळा गेला. मालक फळं घेऊन भेटायला आले, मास्तर मास्तर म्हणाले, आणि त्याच आठवड्यात रंग मोजायचं यंत्र आलं.

काचेच्या फायबरचं खोकं मी कारखान्याच्या गच्चीच्या जिन्याखाली ठेवलं होतं. कुणासाठी बसवायचं?

तीन आठवड्यांनी मी त्याच्या घरी गेले. दुपार होती. दादा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. वहिनी शेजारी खाली बसून भाजी निवडत होती. मी समोर स्टूल ओढलं. त्याच्या मांडीवर दोन करड्या चिंध्या होत्या, कोटाची एक आणि पँटची एक. तो त्या उन्हात धरून बघत होता, जवळ, लांब, तिरप्या. चेहरा चक्क उजळलेला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"ये. हे बघ. हिच्यात, पँटच्या चिंधीत, तांबडा जास्त आहे. फार नाही, चिमूटभर, पण आहे. आणि मला दिसतोय! डाव्यानं लख्ख दिसतोय." तो वहिनीकडे वळला. "मी म्हटलं नव्हतं? उजवाच बिघडला होता. तोच खाली बसून मला फसवत होता. गेला ते एका परीनं बरंच झालं."

वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. "तुझ्या दादाला आता यावरही समाधान."

मला तिथे गप्प बसता आलं असतं. कोंबडं झाकून ठेवता आलं असतं, आणि कदाचित उजाडलंही नसतं कधी. त्याच्या मनाची समजूत पटली होती. पण तो त्या मेलेल्या डोळ्याला दोष देत होता, ज्यानं एकतीस वर्षं एकदाही दगा दिला नव्हता, आणि ते मला ऐकवेना.

मी सांगितलं. वीतभर तुकडा, तीस मीटरचं वेटोळं, दोन ठिपके. प्लॅस्टिक तांबडा खातं. तुझा डोळा चांगला होता, दादा. दोन्ही चांगले होते.

त्यानं चिंध्या मांडीवर ठेवल्या. रागावला नाही. धंद्यातला प्रश्न विचारावा तसं त्यानं विचारलं, "हे तुला कळलं कधी?"

"सोमवारी."

"कुठल्या?"

मी सांगितलं, कुठल्या. तो बोटांवर मोजायला लागला. मोठ्यानं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारी त्याचं बोट थांबलं, कारण वहिनीनं भाजीतून मान वर केली होती.

"शुक्रवारी मी तुला फोन केला होता," वहिनी म्हणाली.

"हो."

"तू म्हणालीस, बरंच होईल."

"हो, वहिनी."

ती उठली. निवडलेली भाजी आणि देठं एकाच ताटात मिसळून गेली, तिच्या लक्षातही आलं नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. दादा तसाच बसून होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं मारलं असतं तर मी मार खाल्ला असता. मला लहानपणीही त्यानं कधी मारलं नव्हतं.

मी उठले. "येते मी. परत नाही येणार, दादा. घाबरू नकोस."

"येत जा," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा. "माझं दुसरं आहे कोण? तुला टाकून मी जाऊ कुठे? येत जा. फक्त असं समोर नको बसूस."

मग त्यानं हात लांबवून, चाचपडत, माझं स्टूल धरलं आणि खुर्चीच्या उजव्या अंगाला ओढून ठेवलं.

"या बाजूला बस. इकडून तू दिसत नाहीस."

मी गेले आणि बसले.